वित्त आयोगाचा निधी आणि गावचे मनुष्यबळ : ग्रामपंचायतीने आराखडा उलट्या टोकापासून कसा करावा

ग्रामपंचायतीच्या आराखड्याच्या बैठकीत पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "यंदा वित्त आयोगाचे किती येणार?" आकडा कळला की यादी सुरू होते. अंगणवाडीला फरशी, वस्तीत बंदिस्त गटार, चौकात शुद्ध पाण्याचे यंत्र, स्मशानभूमीत पत्र्याची शेड. आणि कागद भरला की चहा येतो. त्या यंत्राची किल्ली कोणाकडे राहणार, गटारातला गाळ कोण काढणार आणि त्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. या प्रश्नाचे उत्तर केंद्राच्या निधीच्या रचनेतच आहे. वित्त आयोगामार्फत येणारा पैसा कामासाठी असतो, कायम आस्थापनेवरच्या माणसाच्या पगारासाठी नसतो. म्हणून आराखडा निधीच्या आकड्यापासून सुरू न करता गावाच्या स्वतःच्या करवसुलीपासून आणि उपलब्ध माणसांपासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. ते कसे करावे, हे नवनिर्वाचित सदस्य, सरपंच आणि हिशोब विचारणारे नागरिक यांच्यासाठी येथे क्रमाने मांडले आहे.

पैसा कोठून निघतो

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८० नुसार राष्ट्रपती दर पाच वर्षांनी, किंवा गरज पडल्यास त्याआधीही, वित्त आयोग नेमतात. केंद्राने गोळा केलेल्या करांतून राज्यांना किती वाटा द्यावा, हे सुचवणे त्याचे मूळ काम. १९९२ च्या ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीने त्यात भर पडली आणि पंचायती व नगरपालिका यांच्या उत्पन्नाला पूरक म्हणून राज्याच्या एकत्रित निधीत काय वाढ करावी, हेही आयोगाने सुचवावे असे ठरले. दहाव्या वित्त आयोगाने पंचायतींसाठी पहिल्यांदा स्वतंत्र अनुदान सुचवले. हिशोब होता १९७१ च्या जनगणनेतील ग्रामीण लोकसंख्येमागे माणशी १०० रुपये.

येथे एक गल्लत टाळावी. करांतील वाटा राज्य सरकारला मिळतो आणि तो कसा खर्च करायचा हे राज्य ठरवते. स्थानिक संस्थांचे अनुदान ही निराळी रक्कम आहे. ती राज्याच्या तिजोरीतून फक्त पुढे सरकते. "राज्याने आमचा निधी दिला नाही" अशी तक्रार करण्यापूर्वी आपण या दोहोंपैकी कशाविषयी बोलत आहोत, हे पक्के करून घ्यावे.

एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांना एकूण ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले. त्यांतील २,३६,८०५ कोटी ग्रामीण संस्थांसाठी, १,२१,०५५ कोटी शहरी संस्थांसाठी आणि ७०,०५१ कोटी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी होते. उरलेले नवी शहरे आणि नगरपालिकांच्या सामायिक सेवा यांसाठी. ग्रामीण रकमेची वर्षवार विभागणीही आयोगानेच दिली होती : ४४,९०१, ४६,५१३, ४७,०१८, ४९,८०० आणि ४८,५७३ कोटी. केंद्राचे स्थानिक संस्थांसाठीचे नियोजन कसे असते, हे या पाच आकड्यांत दिसते. दरवर्षी नव्याने वाटाघाट होत नाही. पाच वर्षांचा अंदाज आधीच छापलेला असतो, त्याप्रमाणे केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थ मंत्रालयाच्या राज्यांना हस्तांतरणाच्या मागणीखाली तरतूद होते आणि मंत्रालयाचा व्ययविभाग हप्ते सोडतो. पंधराव्या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखालील सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०३१ असा आहे. आयोग बदलला की प्रमाणे आणि अटीही बदलतात, म्हणून खालील टक्केवारी पंधराव्या आयोगाची समजावी आणि चालू वर्षाची टक्केवारी ग्रामविकास विभागाच्या ताज्या शासन निर्णयावरून ताडून घ्यावी. रीत मात्र तीच राहते.

आपल्या गावाचा वाटा स्वतः काढणे

जिल्हा परिषदेकडून नियतव्यय, म्हणजे गावासाठी ठरलेली रक्कम, कळवण्याचे पत्र येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ढोबळ अंदाज घरबसल्या निघतो, आणि तो काढून ठेवलेला असला की आलेले पत्र डोळसपणे वाचता येते.

पंधराव्या आयोगाने राज्याराज्यांतील वाटणी ९० टक्के लोकसंख्येवर व १० टक्के क्षेत्रफळावर ठरवली होती. त्यानुसार २०२१-२२ साठी महाराष्ट्राच्या ग्रामीण स्थानिक संस्थांच्या वाट्याला ४,३०७ कोटी रुपये आले. राज्यांतर्गत तिन्ही स्तरांना वाटा देणे बंधनकारक होते आणि ग्रामपंचायतीला ७० ते ८५ टक्के, पंचायत समितीला १० ते २५ टक्के, जिल्हा परिषदेला ५ ते १५ टक्के या मर्यादेत राज्याने तो ठरवायचा होता. महाराष्ट्राने ८०, १० व १० असे प्रमाण ठेवले. गोव्यात तालुका पंचायतीचा स्तरच नसल्यामुळे तेथे वाटणी ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत अशा दोघांतच होते.

आता हिशोब करू. ४,३०७ कोटींचे ८० टक्के म्हणजे सुमारे ३,४४६ कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६ कोटी १६ लाख. भागाकार केला की माणशी साधारण ५६० रुपये येतात. ३,००० लोकसंख्येच्या गावाला त्या वर्षी ढोबळमानाने १६ लाख ८० हजार रुपये अपेक्षित धरता येतात. क्षेत्रफळाच्या हिश्श्यामुळे विरळ वस्तीच्या मोठ्या शिवाराला थोडे अधिक आणि दाट वस्तीच्या लहान शिवाराला थोडे कमी. या हिशोबात लोकसंख्या २०११ चीच धरावी लागते, आणि औद्योगिक वसाहतीलगतच्या किंवा शहराला चिकटलेल्या गावांचे खरे दुखणे तेच आहे. गावात राहणारे दुप्पट झालेले असतात, कचरा दुप्पट झालेला असतो, निधी मात्र जुन्या डोक्यांवर मोजून येतो. अशा गावाने केंद्राच्या आकड्याकडे डोळे लावून बसण्यापेक्षा नव्या इमारतींची नोंद नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, करून घेण्यात दोन महिने घालवले तर ते अधिक फायद्याचे ठरते.

बंधित आणि अबंधित

आलेल्या रकमेचे दोन भाग पडतात. ६० टक्के रक्कम बंधित. तिच्यातील निम्मी स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी, आणि निम्मी पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन व सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेली ४० टक्के रक्कम अबंधित. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांपैकी गावाला जे निकडीचे वाटेल त्यावर ती खर्च करता येते. मात्र "अबंधित" या शब्दाने फसू नये. वेतन व इतर आस्थापना खर्च यांना ती रक्कम वापरता येत नाही, असे आयोगाने स्पष्ट म्हटले होते. वरच्या उदाहरणातील गावाकडे स्वच्छतेसाठी ५ लाख ४ हजार, पाण्यासाठी तेवढेच आणि अबंधित ६ लाख ७२ हजार आहेत. शिपायाच्या पगारासाठी त्यांतला एक रुपयाही नाही.

व्यवहारात हा अबंधित भाग आणखी आकसतो. २०२१ मध्ये राज्याने पथदिव्यांची आणि पाणीपुरवठा योजनांची वीजबिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्यास सांगितले, तेव्हा सरपंचांनी त्याला उघड विरोध केला होता. विरोध समजण्यासारखा आहे, परंतु वीजबिल हा गावाचा खर्च आहे हेही खरेच. म्हणून यादीत नवी कामे घेण्याआधी मागील १२ महिन्यांची वीजबिले समोर ठेवून त्यांची बेरीज वजा करावी आणि मगच "आपल्याकडे किती आहेत" हे वाक्य उच्चारावे.

हप्ता कशामुळे अडतो

हप्ते वर्षातून दोन, साधारण जून व ऑक्टोबर महिन्यांत अपेक्षित असतात. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत जूनचा पहिला अबंधित हप्ता मे महिन्यातच सोडला गेला होता आणि महाराष्ट्राला त्यात ८६१ कोटी ४० लाख रुपये मिळाले होते. (४,३०७ कोटींचे ४० टक्के काढून त्याचे निम्मे केले तर नेमका हाच आकडा येतो, वरची रीत बरोबर असल्याचा हा पडताळा.) केंद्राकडून रक्कम मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत राज्याने ती स्थानिक संस्थांकडे वळती करावी, अन्यथा विलंबाच्या काळाचे व्याजही द्यावे, असा नियम आहे. हा नियम गावपातळीवर फारसा कोणाला ठाऊक नसतो.

हप्ता अडण्याची कारणे बहुतेक वेळा दिल्लीत नसून आपल्याच कपाटात असतात. मागील वर्षाचा तात्पुरता व त्यापूर्वीच्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशोब ऑनलाइन नसणे, ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आराखडा वेळेत न चढणे, वर्षअखेरीस हिशोबाची खाती मिटवून बंद न करणे, ही त्यांतली नेहमीची. सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी बदलल्यावर डिजिटल स्वाक्षरीची नोंदणी रखडणे हे आणखी एक. मी पाहिलेल्या एका गावात नव्या सरपंचबाईंची डिजिटल स्वाक्षरी तयार होती, पण ती असलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण तालुक्याच्या कार्यालयात टेबलाच्या खणात पडून होते आणि बँकेत पैसे असूनही गावाला पाण्याच्या मोटारीचे बिल तीन महिने देता आले नाही. ज्या दिवशी पदभार बदलतो त्याच दिवशी स्वाक्षरीचा अर्ज करावा आणि त्याची पोच फायलीला लावावी.

निवडून आलेली संस्था अस्तित्वात असणे ही याहून मोठी अट. महाराष्ट्रात २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांची मुदत संपून तेथे प्रशासक आले आणि त्या स्तरांच्या १०-१० टक्क्यांवर त्याचा परिणाम झाला. ग्रामपंचायतीने तालुका वा जिल्हा स्तरावरील निधी गृहीत धरून एखाद्या कामाचा अर्धा भाग आखला असेल, तर ही अट आधी तपासावी.

माणसांचे पैसे : आराखड्याचा खरा आरंभ

गावात सार्वजनिक काम करणारी माणसे एकाच तिजोरीतून पगार घेत नाहीत. एक कोरा कागद घेऊन तीन रकान्यांत त्यांची नावे लिहावीत : माणूस, काम, आणि पैसा कोण देतो. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना २०२४ पर्यंत आपण ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत होतो आणि तोंडी अजूनही म्हणतोच, हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी. त्यांचे वेतन ग्रामनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या निधीतून, जात नाही. अंगणवाडी सेविका व आशा ताई यांचे मानधन त्यांच्या त्यांच्या योजनांतून, म्हणजे केंद्र व राज्य यांच्या मिळून केलेल्या तरतुदीतून येते. ग्रामरोजगार सेवकाचे मानधन रोजगार हमीच्या प्रशासकीय खर्चातून. केंद्र सरकार गावातल्या माणसांसाठी पैसे देते ते असे योजनेच्या दाराने. वित्त आयोगाच्या दाराने नव्हे.

उरतात ती ग्रामपंचायतीची स्वतःची माणसे : शिपाई, वसुली लिपिक, पाणीपुरवठा कर्मचारी, सफाई कामगार. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ६१ खाली त्यांची नेमणूक ग्रामपंचायत करते, आणि किती पदे ठेवता येतील हे मंजूर आकृतिबंधावर, म्हणजे पदांच्या मंजूर तक्त्यावर, अवलंबून असते. त्यांना किमान वेतन द्यावे लागते. राज्य सरकार त्यातला काही हिस्सा थेट कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जमा करते, उरलेला हिस्सा व भविष्य निर्वाह निधीची रक्कम ग्रामनिधीतून जाते. २०२० च्या शासन निर्णयापासून राज्याचा हा हिस्सा करवसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेला आहे. घरपट्टी-पाणीपट्टी वसूल झाली नाही तर राज्याच्या हिश्श्यालाही कात्री लागते, आणि कात्रीची धार सरपंचाच्या नव्हे तर सफाई कामगाराच्या मानेवर येते. कर्मचारी संघटना ही अट रद्द करा म्हणून मोर्चे काढतात ते उगीच नाही. वसुली हे त्यांच्या हातातले काम नसते. थकबाकीदारांच्या यादीत पुष्कळदा गावचे पुढारीच असतात.

म्हणून पुढील तीन नोंदवह्या मागवून घ्याव्यात. नमुना १३ म्हणजे कर्मचारी वर्गाची सूची व वेतनश्रेणी. त्यात प्रत्येकाचे नाव, पद आणि नेमणुकीचा ठराव दिसला पाहिजे. आकृतिबंधाबाहेर ठेवलेला माणूस राज्याच्या हिश्श्याला मुकतो, आणि जिल्हा परिषदेच्या पदांत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेल्या १० टक्के जागांचे दारही त्याला बंद होते. वर्षानुवर्षे "तोंडी" कामावर असलेल्या माणसावर हा अन्याय नकळत होत राहतो. नमुना ९ म्हणजे कराची मागणी. मागील थकबाकी आणि चालू मागणी त्यात वेगळी असते. आणि नमुना ५, सामान्य रोकड वही, ज्यात प्रत्यक्ष काय जमा झाले ते कळते. मागणी आणि जमा यांतील अंतर हेच गावाच्या मनुष्यबळाचे खरे अंदाजपत्रक.

संगणक परिचालकाचे उदाहरण येथे मुद्दाम देतो, कारण वित्त आयोगाचा निधी माणसासाठी वापरण्याची तडजोड केली की काय होते ते त्यात दिसते. आपले सरकार सेवा केंद्रांसाठी ग्रामपंचायतींकडून दरमहा १२,३३१ रुपये वित्त आयोगाच्या निधीतून घेतले जात. केंद्र मध्यस्थ यंत्रणेमार्फत चालवले जाई आणि परिचालकाच्या हातात पडणारे मानधन त्याहून पुष्कळ कमी असे. निधी गावाचा, काम गावाचे, पण माणूस ना ग्रामपंचायतीचा ना सरकारचा. मानधन थकले की तो कोणाच्या दारात उभा राहणार? असा माणूस आपल्या तीन रकान्यांच्या कागदावर लिहिताना तिसरा रकाना रिकामा ठेवू नये. करार कोणाशी आहे, रक्कम किती व कोणत्या महिन्यापर्यंत दिली आहे, हे तेथे लिहावे.

उलट्या टोकापासून आराखडा

आता चौकातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्राकडे परत येऊ आणि तेच काम रीतसर आखून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या गावाचे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

यंत्राची किंमत ५ लाख रुपये धरली तर ती पाण्यासाठीच्या बंधित निधीत जेमतेम बसते. हे वाचून बैठक खूश होते. मात्र यंत्र चालवायला अर्धवेळ माणूस दरमहा ६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७२,०००. वीज दरमहा २,५०० प्रमाणे ३०,०००. गाळणी, पाणी शुद्ध करणारे पडदे (मेम्ब्रेन) व किरकोळ दुरुस्ती २८,०००. वर्षाचा चालू खर्च १ लाख ३० हजार. आता ग्रामनिधी पाहू. कराची मागणी ५ लाख आणि वसुली ६० टक्के असेल तर हाती ३ लाख येतात. स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवायचे, म्हणजे ९० हजार बाजूला. उरले २ लाख १० हजार. शिपाई व पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या वेतनातील ग्रामपंचायतीचा हिस्सा आणि भविष्य निर्वाह निधी मिळून १ लाख २० हजार गेले, तर ९० हजार शिल्लक. कार्यालयाची स्टेशनरी, इंटरनेट, ग्रामसभेचा मंडप, जयंत्या, हे सगळे त्यातच. यंत्राला हवे आहेत १ लाख ३० हजार. म्हणजे यंत्र विकत घेता येते, पण चालवता येत नाही.

हे बैठकीत आकड्यांनिशी मांडले की चर्चा आपोआप योग्य वळणावर येते आणि तीन मार्ग समोर येतात. पहिला, घागरीमागे दर लावणे. ५ रुपये दराने दिवसाला ८० घागरी गेल्या तर वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार जमा होतात आणि यंत्र स्वतःच्या पायावर उभे राहते. पण रोज ८० घरे खरोखर पैसे देतील का, हे सभेत हात वर करून नव्हे तर वस्तीत फिरून पाहावे. दुसरा, वसुली ६० वरून ८५ टक्क्यांवर नेणे. तसे झाल्यास हाती ४ लाख २५ हजार येतात, राखीव टक्केवारी वजा जाता २ लाख ९७ हजार ५०० उरतात, म्हणजे पूर्वीपेक्षा ८७ हजार ५०० अधिक, आणि वेतनातील राज्याचा हिस्साही सुधारतो. तिसरा, यंत्राचा नाद सोडून त्याच बंधित निधीतून जुनी गळकी वितरण वाहिनी बदलणे, जिच्यासाठी नवा माणूस लागत नाही आणि उलट पाणी सोडणाऱ्याची दगदग कमी होते. मला विचाराल तर बहुतेक लहान गावांत तिसरा मार्गच शहाणपणाचा असतो; फक्त त्याच्यासमोर फीत कापता येत नाही.

याच पद्धतीने यादीतल्या प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहावेत : एकदाचा खर्च आणि वर्षाचा चालू खर्च. स्मशानभूमीची शेड, शाळेची भिंत यांच्यापुढे दुसरा आकडा जवळजवळ शून्य येतो. घनकचऱ्याची घंटागाडी, सार्वजनिक शौचालय, व्यायामशाळा, वाचनालय यांच्यापुढे तो मोठा येतो. चालू खर्चाच्या आकड्यांची बेरीज ग्रामनिधीतील शिल्लक रकमेच्या आत येईपर्यंत यादीला कात्री लावावी. घंटागाडीबाबत विशेष सावध राहावे. गाडी स्वच्छतेच्या बंधित निधीतून येते आणि चालकाचा पगार व डिझेल यांचा वर्षाचा खर्च पाहता पाहता गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातो.

कामाची निवड झाल्यावरचा मार्ग परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या लोकनियोजन मोहिमेत ग्रामसभेसमोर प्रारूप आराखडा ठेवावा. महिलांची व वॉर्डांची सभा आधी घ्यावी. पाण्याची वेळ, शौचालयाची अवस्था याविषयी खरी माहिती तेथेच मिळते. शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून तांत्रिक मान्यता घ्यावी. ग्रामसभेच्या मंजुरीनंतर आराखडा ई-ग्रामस्वराजवर चढवावा आणि त्यातील आकडे ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाशी, म्हणजे नमुना १ शी, जुळत असल्याची खात्री करावी. कामांचे नाव नेमके लिहावे. "गावात पाणीपुरवठा सुविधा करणे" असे मोघम नाव दिले की पुढे त्या नावाखाली काहीही बसवता येते आणि लेखापरीक्षणात आक्षेप आला की निस्तरावे लागते ते नव्या सदस्यांना.

शहरांपुरते थोडेसे

नगरपालिका-महानगरपालिकांचा विषय वेगळ्या लेखाचा आहे, तरी दोन गोष्टी नोंदवतो. पंधराव्या आयोगाने शहरी अनुदान मिळण्यासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणे आणि पुढे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी सुसंगत अशी करवसुलीत वाढ दाखवणे, अशी अट घातली होती. म्हणजे शहरांनाही केंद्राचा संदेश तोच आहे की आधी आपले आपण गोळा करा. आणि जकात व स्थानिक संस्था कर गेल्यावर महाराष्ट्रातील महानगरपालिकांना २०१७ च्या राज्य कायद्यानुसार जी भरपाई मिळते, ती वित्त आयोगाची नव्हे. अनेक महानगरपालिकांतील पगार याच भरपाईच्या आधारावर निघतात, त्यामुळे नगरसेवकाने अंदाजपत्रक वाचताना या दोन ओळी एकत्र करू नयेत.

पडताळणी

ई-ग्रामस्वराजवर कोणत्याही ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा, आलेला निधी आणि झालेला खर्च लॉगिनशिवाय पाहता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव असे निवडत गेले की वर्षवार माहिती उघडते. तेथील खर्चाची नोंद, कार्यालयातील रोकड वही आणि मोजमाप वही या तिन्हींत एकच रक्कम दिसली पाहिजे. न जुळल्यास आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तोंडी विचारावे. पुष्कळदा कारण चुकीच्या लेखाशीर्षाएवढे साधे असते. समाधान झाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली विशिष्ट क्रमांकाच्या प्रमाणकाची (खर्चाच्या व्हाउचरची) प्रत मागावी, "सर्व माहिती" मागू नये. नेमक्या अर्जाला ३० दिवसांत नेमके उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

ग्रामसभेच्या ठरावात चालू खर्चाची ओळ यावी, यासाठी एक मसुदा देतो. तो तसाच उतरवून घ्यावा आणि रिकाम्या जागी आकडे भरावेत : "सदर काम वित्त आयोगाच्या बंधित निधीतून रुपये ______ इतक्या खर्चाने करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. काम पूर्ण झाल्यानंतर ते चालवण्यासाठी व निगराणीसाठी येणारा वार्षिक खर्च रुपये ______ असून तो ग्रामनिधीतील ______ या शीर्षातून अथवा वापरशुल्कातून भागवण्यात येईल, आणि सदर कामाची जबाबदारी नमुना १३ मधील ______ या पदावरील कर्मचाऱ्याकडे राहील." तिसरी रिकामी जागा भरता येत नसेल, तर तो विषय पुढील सभेवर ठेवावा.